कायद्यातला आकडा कुठून येतो?

मामांच्या शेतात बोअर घेतला तेव्हा मी बांधावर बसून रॉड मोजत होतो. सकाळी पाणाडी येऊन गेला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाच्या कडेकडेनं चालला, एका जागी नारळ उभा राहिला आणि तिथं त्यानं टाचेनं खूण केली. दुपारी गाडी आली. कॉम्प्रेसर सुरू झाला तसं कुणाचं कुणाला ऐकू येईना. आधी तांबूस मुरूम उडाला, मग काळ्या पाषाणाची करडी भुकटी. मध्येच लालसर पट्टा लागला आणि पुन्हा करडं सुरू झालं. एक रॉड वीस फुटांचा. दहावा रॉड आत गेला तरी ओल नव्हती. मामांनी हातानंच खूण केली, अजून टाका.

दहा रॉड म्हणजे दोनशे फूट, म्हणजे साधारण ६० मीटर. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या कायद्यात एक व्याख्या आहे: ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोल असेल ती ‘खोल विहीर’. अशा विहिरींवर या कायद्यानं बंधनं घातली आहेत. त्या दुपारी आम्ही ती रेघ ओलांडली, आणि शेतात जमलेल्या माणसांपैकी एकालाही अशी काही रेघ आहे हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पुढे कधीतरी कायदा वाचताना तो आकडा दिसला आणि दहावा रॉड आठवला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. ६० च का? ५० का नाही, ८० का नाही? हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला, आणि विधानसभेत हात वर करणाऱ्या आमदारांपैकी कुणी तो विचारला का? राज्याच्या कायद्यांत विज्ञान कुठून शिरतं आणि कुठं शिरत नाही, हे या एका प्रश्नाचा धागा धरून समजून घेता येतं.

आकडा चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. त्यामागे खरं भूशास्त्र आहे. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेल्या कातळावर आहे. हा दगड वाळूसारखं पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत, आणि एका थराच्या माथ्यावरच्या सच्छिद्र भागात. दरवर्षीच्या पावसानं भरतं ते मुख्यतः हे वरचं पाणी. खाली गेलात तर एखादी भेग लागेलही, पण ती भरायला किती वर्षं लागतील याचा भरवसा नाही. शिवाय खोल बोअर कधी कधी वरच्या विहिरींचंच पाणी ओढून घेतो. म्हणून कुठंतरी रेघ मारायला हवी, हे शास्त्राला धरूनच आहे.

पण सगळा महाराष्ट्र बेसॉल्ट नाही. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव-अकोल्याकडे, नदीनं आणून टाकलेल्या गाळाचे शेकडो फूट जाड थर आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे दगडच वेगळा. तळकोकणात जांभा. केळीच्या बागेखालचा गाळ आणि पारनेरच्या माळाखालचा कातळ यांना एकच फूटपट्टी लावायची, तर ती का लावली हे कुठंतरी लिहिलेलं असावं. विधेयकाच्या छापील प्रतीत ते सापडत नाही.

आता विधेयक तयार कसं होतं ते पाहू. विधानसभेत २८८ आमदार आहेत. कायदा ते करतात, पण लिहीत नाहीत. लिहितो तो संबंधित विभाग. भूजलाचा असेल तर पाणीपुरवठा विभाग, औषधांचा असेल तर वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग. विभाग आपल्या हाताखालच्या तांत्रिक यंत्रणेला विचारतो. भूजलासाठी आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही संस्था. तिच्या जवळपास चार हजार निरीक्षण विहिरी आहेत आणि वर्षातून चारदा त्यांची पातळी मोजली जाते. म्हणजे राज्याकडे ज्ञान नाही असं अजिबात नाही. मसुदा मग विधी व न्याय विभागाकडे जातो, तिथं त्याची भाषा कायद्याची होते. मंत्रिमंडळ मान्यता देतं. सभागृहात विधेयक मांडलं जातं, त्याची वाचनं होतात, खंडशः विचार होतो, मतदान होतं. दोन्ही सभागृहांतून गेलं की राज्यपालांची संमती, काही वेळा राष्ट्रपतींची, आणि मग राजपत्र.

या वाटेवर शास्त्रज्ञ भेटतो तो अगदी पहिल्या टप्प्यात, विभागाच्या आतल्या खोलीत. त्याचं म्हणणं टिपणीत उतरतं, टिपणी नस्तीत, म्हणजे फाइलीत, जाते आणि नस्ती मंत्रालयातच राहते. आमदाराच्या हाती येतं ते तयार विधेयक. त्यात ६० हा आकडा असतो, आकड्यामागचा वाद नसतो. एखाद्या आमदाराला खरंच विचारायचं असेल तर त्यानं कुणाला विचारायचं? त्याच्याकडे एक स्वीय सहायक असतो. त्याचा दिवस शिफारसपत्रं, बदल्या, दवाखान्यातली खाट आणि मतदारसंघातली लग्नं यांत जातो. अधिवेशनात एकाच दिवशी अनेक विधेयकं येतात. त्या दिवशी आमदार मंत्र्यांवर विश्वास ठेवतो किंवा विरोध म्हणून विरोध करतो. दोन्ही वेळा आकडा तसाच पुढे जातो.

ज्ञान सगळं सरकारच्या बाजूला आणि सभागृहाच्या बाजूला फक्त हात वर करणं, ही आपली खरी अडचण आहे. विधिमंडळ सरकारला जाब विचारण्यासाठी असतं. पण जाब विचारायला लागणारी माहितीही त्याच सरकारकडून घ्यायची असेल, तर प्रश्न तरी किती धारदार होणार?

महाराष्ट्रात याच्या उलटही घडलेलं आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षा मुंबईत पसरली. तपासणी मूळची चांगली. गर्भ साधारण चार महिन्यांचा असताना पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचं थोडं पाणी काढायचं, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि गुणसूत्रं पाहायची. डाउन सिंड्रोमसारखे दोष त्यातून कळतात. मुलगा की मुलगी हेही कळतं. वापर झाला तो त्याचाच. ‘आज पाचशे खर्च करा, पुढचे पाच लाख वाचवा’ अशा अर्थाच्या जाहिराती त्या काळात लागत होत्या.

स्त्री-संघटना, काही डॉक्टर, काही शास्त्रज्ञ असे एकत्र आले आणि लिंगनिदानाविरोधात मंच उभा राहिला. त्यांच्या रागाबरोबर आकडेही आले. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. मुलाखत घेतलेल्यांपैकी ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. हे चार-दोन वाईट माणसांचं काम आहे, असं म्हणायची सोय त्या एका आकड्यानं संपवली. मृणाल गोरे यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं मांडायचं विधेयक, आणलं. सरकारला हालचाल करावी लागली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं प्रसवपूर्व निदान तंत्राच्या वापराचं नियमन करणारा कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं.

या गोष्टीत तज्ज्ञ बाहेरून आले हे लक्षात घ्या. लिंगनिदान करणारेही तज्ज्ञच होते, पदव्या तितक्याच मोठ्या. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच म्हटलं असतं तर ८४ टक्क्यांकडेच जावं लागलं असतं. तज्ज्ञाचा आपल्या धंद्यात हितसंबंध असू शकतो, आणि तो असला म्हणून त्याचं ज्ञान खोटं ठरत नाही. पण कायदा करणाऱ्याला दोन्ही माहीत असायला हवं: हा माणूस काय जाणतो, आणि याचं काय अडकलं आहे.

याच कायद्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १९८८ मध्ये कायदा लिहिताना डोळ्यांपुढे मुख्यतः गर्भजल परीक्षा होती. तंत्रज्ञान तिथं थांबलं नाही. सोनोग्राफीची यंत्रं स्वस्त झाली, लहान झाली, गाडीत घालून तालुक्याच्या गावी नेता येऊ लागली. सुई नको, प्रयोगशाळा नको, थांबणं नको. शिवाय गर्भ राहण्याआधीच मुलाची निवड करून देण्याचा दावा करणारी तंत्रं आली. ‘प्रसवपूर्व’ या शब्दात ती बसतच नव्हती. केंद्राच्या कायद्यालाही हीच ठेच लागली. मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर २००३ मध्ये दुरुस्ती होऊन कायद्याच्या नावातच ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द आला. यंत्रं कुणाला विकली जातात आणि कुठं फिरतात, यावरही बंधन आलं.

तोवर काय झालं ते जनगणनेत दिसतं. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. देशातला पहिला कायदा करणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत. कारणं बरीच आहेत, अंमलबजावणीचा ढिलेपणा त्यात सर्वांत वर असेल. पण तंत्र दर चार-पाच वर्षांनी बदलत असताना कायद्याकडे पुन्हा पाहण्याचं काम सभागृहात कुणाकडेच नव्हतं, हेही त्यातलं एक कारण आहे असं मला ठामपणे वाटतं. तज्ज्ञ कायदा होताना होते. कायदा झाल्यावर ते आपापल्या कामाला गेले आणि न्यायालयाची पायरी चढेपर्यंत त्यांना दुसरं दार उरलं नाही.

कोल्हापुरात २००९-१० च्या सुमारास सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडलं गेलं, यंत्राच्या पडद्यावर जे दिसतं ते साठवून ठेवणारं. रेडिओलॉजिस्टांचं म्हणणं होतं की लिंग सांगितलं जातं ते तोंडानं किंवा खुणेनं, पडद्यावरच्या चित्रातून ते सिद्ध कसं होणार? आणि रुग्णाच्या खासगीपणाचं काय? दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म, म्हणजे तपासणीच्या तपशिलाचा कागद, भरलेला असतो, तो आणि साठवलेली नोंद ताडून पाहिली की न दाखवलेल्या तपासण्या उघड्या पडतात. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये न्यायालयानं उपकरणाला हरकत घेतली नाही. माझा मुद्दा निकालाचा नाही. यंत्रातून नक्की काय कळतं आणि काय कळत नाही हा निव्वळ तांत्रिक प्रश्न होता, आणि त्याचं तटस्थ उत्तर मिळवायला न्यायाधीशांपर्यंत जावं लागलं. विधिमंडळाकडे ते उत्तर शोधायची सोयच नव्हती.

सोय कशी करता येते, याची काही उदाहरणं आहेत. एक तर आपल्या घरातच आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ जागा राज्यपाल नेमणुकीनं भरतात. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदात त्यासाठी पाच क्षेत्रं सांगितली आहेत: साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा. ‘विज्ञान’ हा शब्द तिथं स्पष्ट लिहिलेला आहे. देशात आज फक्त सहा राज्यांत विधान परिषद आहे. शेजारच्या गोव्यात ४० जणांचं एकच सभागृह आहे, त्यामुळे हे दार त्यांना नाही. आपल्याला आहे. साहित्य या शब्दाखाली ग. दि. माडगूळकर आले, ना. धों. महानोर आले. महानोर कवी, पण पळसखेड्याचे शेतकरीही. पाण्यावर आणि शेतीवर ते सभागृहात बोलत तेव्हा हातांना लागलेली माती त्या बोलण्यात असे. विज्ञान या शब्दाखाली कोण आलं, हे आठवायला मात्र थांबावं लागतं. बऱ्याचदा या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावण्यात जातात. २०२० च्या जूनमध्ये या जागा रिकाम्या झाल्या. नावांची यादी राजभवनात पडून राहिली, उच्च न्यायालयानंही त्यावर वाजवी वेळेत निर्णय व्हायला हवा असं सांगितलं, आणि पहिल्या सात नेमणुका व्हायला २०२४ चा ऑक्टोबर लागला. चार वर्षांहून जास्त काळ ज्ञानासाठी राखलेल्या बाराही खुर्च्या मोकळ्या होत्या. त्याच काळात साथ होती, लस होती, ऑक्सिजनचा हिशोब होता.

दुसरी वाट समित्यांची. केरळनं १९८० मध्ये विषय समित्या सुरू केल्या. आज तिथं अशा १४ समित्या आहेत आणि विधेयक मांडलं की ते संबंधित समितीकडे जातं. समितीत दोन्ही बाजूंचे आमदार असतात, कॅमेरे नसतात, त्यामुळे एकमेकांवर ओरडायचं कारणही कमी असतं. तज्ज्ञाला बोलावता येतं आणि त्याला शांतपणे प्रश्न विचारता येतात. आपल्याकडे संयुक्त समितीची तरतूद आहे, पण विधेयक तिच्याकडे पाठवायचं की नाही हे दर वेळी नव्यानं ठरतं. पाठवलं तर फरक पडतो. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांकडून १२ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. त्या विधेयकाविषयी तुमचं मत काही असो, लोक विधेयक वाचतात आणि लिहून कळवतात हे तेव्हा दिसलं. मग भूजलाच्या, कीटकनाशकांच्या, इमारतींच्या विधेयकांना हीच वाट नेहमीची का असू नये?

तिसरं उदाहरण दूरचं, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचं. तिथं विधिमंडळानं १९८८ मध्ये ठराव करून ‘कॅलिफोर्निया कौन्सिल ऑन सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ ही संस्था उभी करायला चालना दिली. राज्यातल्या विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ आणि सॅक्रामेंटोतलं विधिमंडळ यांच्यामधला हा पूल. या संस्थेनं २००९ पासून एक छोटा पण फार उपयोगी उपक्रम चालवला आहे. नुकतीच पीएच.डी. झालेले दहाएक तरुण शास्त्रज्ञ निवडायचे, त्यांना कायदा कसा बनतो याचं आधी प्रशिक्षण द्यायचं आणि मग वर्षभर एखाद्या आमदाराच्या किंवा समितीच्या कार्यालयात नेमायचं. ते दोन्ही पक्षांकडे जातात. जीवशास्त्रात पीएच.डी. केलेल्या मुलीला वणव्याच्या विधेयकावर काम मिळतं, आणि हे मुद्दामच. तिला वणव्यातलं सगळं ठाऊक असण्याची अपेक्षा नसते. शोधनिबंध कसा वाचायचा, कुणाला फोन करायचा, आणि ‘हे अजून सिद्ध झालेलं नाही’ हे वाक्य न घाबरता कसं लिहायचं, एवढं तिला येतं. आमदाराला हवं असतं ते एवढंच.

आपल्या देशात याच्या जवळचं आहे ते खासदारांसाठी. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या लॅम्प फेलोशिपमधून तरुण मुलं वर्षभर खासदारांसोबत संशोधनाचं काम करतात. राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे, ती २०१५ पासून, पण ती शासनाच्या बाजूला. विधान भवनात वि. स. पागे यांच्या नावानं संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. खोल्या आहेत, ग्रंथालय आहे. मुंबई-पुण्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयआयटी, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, नागपुरात नीरी. म्हणजे हिवाळी अधिवेशन भरतं त्या गावात पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे. या माणसांना आमदाराच्या टेबलापर्यंत नेणारा रस्ता तेवढा नाही.

पागे यांचं नाव आलंच आहे तर विसापूर सांगायला हवं, कारण ज्ञान म्हणजे फक्त प्रयोगशाळा नाही. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देता येईल का, हा त्यांचा ध्यास. त्यांनी आधी कायदा मागितला नाही. सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ती कल्पना करून पाहिली. किती माणसं येतात, कोणती कामं टिकतात, किती पैसा लागतो, हे हिशोबात मांडलं. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि राज्यभर त्या कल्पनेची कसोटी लागली. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत दिलं पाहिजे, नाही तर बेकारी भत्ता, अशी तरतूद त्यात होती. ‘१५ दिवस’ हाही कायद्यातला आकडाच. पण त्याच्या मागे दशकभराचा अनुभव उभा होता. २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हेच १५ दिवस त्यात होते.

आणखी एक जागा आहे, आणि सर्वांत जास्त विज्ञान तिथूनच आत येतं किंवा बाहेर राहतं. कायदा झाल्यावर सरकार ‘नियम’ करतं. कायदा म्हणतो, ‘विहित केल्याप्रमाणे’. विहित करतात ते विभाग, अधिसूचना काढून. २०१८ ची प्लास्टिकबंदी आठवा. ती सभागृहात त्या वर्षी मतदान होऊन आलेली नव्हती. २००६ च्या एका कायद्याखाली काढलेली ती अधिसूचना होती. दुधाच्या पिशवीची जाडी ५० मायक्रॉनच्या वर हवी, असं तिच्यात होतं. दूधवाला, पिशवी बनवणारा, कचरा वेचणारी बाई, सगळ्यांचं रोजचं जगणं त्या आकड्यावर फिरलं. भूजलाचं याहून लांबलं. कायदा २००९ मध्ये मंजूर, राष्ट्रपतींची संमती २०१३ मध्ये, अंमल २०१४ पासून, आणि नियमांचा मसुदा लोकांपुढे आला तो २०१८ च्या जुलैत. त्या नऊ वर्षांत किती बोअर झाले, किती शेततळी झाली, पंप किती खाली गेले! मसुदा लिहिताना गृहीत धरलेलं भूजल आणि नियम येताना उरलेलं भूजल एकच होतं का?

एवढं सगळं पाहिल्यावर मला एक साधी सुधारणा सुचते. तिला पैसा फार लागत नाही. विधानसभेत मांडलेलं कोणतंही विधेयक हातात घ्या. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. खर्च पडणार असेल तर ‘वित्तीय ज्ञापन’ असतं. नियम करायचे अधिकार सरकारला दिले असतील तर ‘प्रत्यायुक्त विधानासंबंधीचे ज्ञापन’ असतं. म्हणजे पैसा किती लागेल आणि अधिकार कुणाला मिळेल हे छापायची रीत आहे. ज्ञान कुठून आलं हे छापायची रीत नाही. तर आणखी एक पान जोडावं, तांत्रिक आधाराचं ज्ञापन. कलमांत जिथं जिथं मीटर, मायक्रॉन, दिवस, टक्के आले आहेत तिथं प्रत्येकाला चार ओळी: आकडा कोणत्या पाहणीतून आला, कुणाचा सल्ला घेतला, कोणता पर्याय नाकारला आणि का, कुठं हा आकडा लागू पडणार नाही, आणि पुन्हा कधी तपासायचा.

यामुळे शास्त्रज्ञ राज्य करायला लागणार नाहीत, आणि लागूही नयेत. भूशास्त्रज्ञ सांगेल की इतक्या खोलीखालचं पाणी लवकर भरत नाही. पण मग उसाला द्यायचं की पिण्याला ठेवायचं, ज्याची विहीर आटली त्यानं बोअर घेतला तर त्याला दंड करायचा की टँकर पाठवायचा, हे त्यानं ठरवायचं नाही. तो निवडून आलेल्यांचा अधिकार आहे आणि जबाबदारीही. फक्त निर्णय घेताना समोरचं चित्र खरं असावं. आज एखाद्या आमदारानं ‘६० मीटर का?’ असं विचारलं तर उत्तर मंत्रालयातल्या नस्तीत आहे. ते पान विधेयकाला जोडलेलं असेल तर जळगावचा आमदार उभा राहून म्हणू शकेल, की आमच्याकडचा गाळ यात धरलेला नाही. पारनेरचा म्हणेल, आमच्याकडे ६० मीटर खाली जायची वेळ का आली ते आधी पाहा.

मामांच्या बोअरला पुढे चौदाव्या रॉडला पाणी लागलं, इंचभर. तो आठ महिने चालला. शेजारच्या मळ्यातली आजोबांच्या काळची विहीर त्या उन्हाळ्यात मार्चमध्येच आटली, एरवी ती मे महिन्यापर्यंत जायची. त्याचं कारण आमचा बोअर होता की कमी पाऊस, हे तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी पाहून कुणी जाणकारच सांगू शकेल. मामा आणि शेजारी यांच्यात त्यावरून आजही बोलणं नाही.